दोर धरणाऱ्याचा नकार

उकईच्या धरणावर पाण्याखालची कामं शिकलेले तापीकाठचे काही कोळी पाणबुडे एका ठेकेदारानं मुंबईच्या समुद्रात नेले होते. त्यांचा म्होरक्या झुलाल. वय झाल्यापासून तो बुडी मारत नसे. बार्जवर, म्हणजे कामाच्या सपाट बोटीवर, उभा राहून खाली गेलेल्याचा दोर धरायचा आणि दोराच्या हिसक्यांवरून त्याची हालहवाल ओळखायचा.

एके दिवशी समुद्राखालचा तेलाचा नळ फुटला. पाण्यावर काळा तवंग पसरला आणि त्याची उग्र वाफ वाऱ्यानं बार्जवर येऊ लागली. खाली त्यांच्यातला तरुण हिलाल होता. त्याला हवा पुरवणारं यंत्र बार्जवरचीच हवा ओढत होतं. तीच वाफ त्याच्या छातीत जात होती. दोराचे हिसके मंदावले तसं झुलालनं त्याला वर ओढलं. डोक्यावरचा टोप काढला तेव्हा हिलालचे डोळे फिरले होते. शुद्धीवर येताच तो ओकू लागला.

"दुसरा उतरव," बार्जवरचा साहेब म्हणाला. "नळ आजच बंद व्हायला हवा."

"आधी बार्ज वाऱ्याच्या वरच्या अंगाला न्या, म्हणजे वाफ यंत्रात जाणार नाही," झुलाल म्हणाला.

"इथं हुकूम कोणाचा चालतो?"

झुलालनं यंत्र बंद केलं आणि तो त्यावर ठाण मांडून बसला. "हुकूम तुमचा. दोर माझ्या हातात आहे. कोणी उतरणार नाही."

सगळ्यांनाच किनाऱ्यावर आणून सोडण्यात आलं. ते तापीकाठी आपल्या गावी परतले.

काही दिवसांनी ठेकेदाराचा माणूस बन्सीलाल नरडाणा स्टेशनवर उतरून त्यांच्या गावात आला. नदीवर होड्यांपाशी माणसं जमली. "झुलाल सोडून कोणीही चला," तो म्हणाला.

हिलालची आई भिकुबाई मासळी निवडत होती. ती तशीच उठली. "मना पोऱ्या अजून खोकलस. पहिले तू त्या मशीनजोडे तेलनी वाफमा बठ, मंग लोकेसना पोऱ्हे माग!"

झुलालनं अटी सांगितल्या. यंत्राचं हवा ओढणारं तोंड वाफेपासून लांब, उंचावर हवं. आणि दोर धरणारा नको म्हणाला, तर कोणी पाण्यात उतरणार नाही.

बन्सीलाल हसून निघून गेला. काठावरची पुढची गावंही त्यानं पालथी घातली, पण तिथल्या कोळ्यांनीही त्याच अटी घातल्या. शेवटी तो परत आला. "अटी कबूल. पण झुलालला साहेब घेणार नाहीत."

"तर मंग आम्हीनबी येत नही," हिलाल म्हणाला.

झुलालनं त्याचा खांदा दाबला. "मनासाठे अडू नका. दोर तोताराम धरी." मग तो बन्सीलालकडे वळला. "तोतारामचा शब्द मोडलात, तर सगळे त्याच दिवशी परत येतील."

तोताराम त्याच्याच हाताखाली तयार झाला होता. पुढं समुद्रावर पुन्हा तवंग आला तेव्हा त्यानं कोणाला उतरू न देता दोर गुंडाळून ठेवला. साहेबानं आरडाओरडा केला, पण बार्ज हलवला.

झुलालला कोणी बोलावलं नाही. तो तापीवर होडी चालवू लागला. एवढी चांगली नोकरी घालवल्याचं वाईट वाटत नाही का, असं एकदा एका उतारूनं विचारलं.

"कसानं वाईट?" झुलाल वल्हं मारत म्हणाला. "हिलाल जित्ता शे."