कोंडवाड्याचं उत्तर

दादा तीनशे बारा मतांनी निवडून आला आणि वृद्धांचं दिवसकेंद्र बंद पडलं. पण हे वाक्य वाचलंच नाही असं धरा. तसं काहीही झालेलं नाही. विधिमंडळाच्या निवडणुकीला अजून पाच आठवडे आहेत, केंद्र सकाळी बरोब्बर नवाला उघडतं, आणि धाकटी आईचा हात धरून पावणेनवालाच त्याच्या पायरीवर उभी आहे.

धाकटी सत्तेचाळीस वर्षांची होती. दादा थोरला, म्हणून ही धाकटी; एवढ्या भांडवलावर सगळं गाव तिला धाकटी म्हणायचं. नावाने हाक मारणारं एकच माणूस होतं, ते म्हणजे आई. आणि आई अलीकडे तिला "अहो बाई" म्हणायला लागली होती. आई दीड वर्षापासून विसरत होती. आधी चष्मा, मग गॅस, मग शेजारीण, मग स्वतःची मुलगी, अशा रीतसर क्रमाने. नऊ ते साडेपाच आई केंद्रात बसायची, म्हणून नऊ ते साडेपाच धाकटी नोंदणी कार्यालयासमोरच्या टायपिंगच्या दुकानात बसू शकायची. दोघींचं पोट त्या दुकानावर होतं. हिशोब इतका सरळ होता की तो कुणाला समजावून सांगावा लागेल असं तिला कधी वाटलंच नव्हतं.

दादा परंपरावादी पक्षातर्फे उभा होता. जे चाललंय ते बरं चाललंय, आणि जे चालत नाही ते पूर्वी चालत होतं, एवढीच त्या पक्षाची भूमिका होती. गावातलं साप्ताहिक दर निवडणुकीला उमेदवारांना दहा प्रश्न पाठवायचं आणि उत्तरं जशीच्या तशी छापायचं. दादा-धाकटीचे वडील अण्णा चारदा उभे राहिले होते, तीनदा पडले होते, आणि चारही वेळची उत्तरं एका तपकिरी फाइलीत लावून गेले होते. दादाचा नियम असा, की त्या फाइलीबाहेरचं मत मांडायचं नाही. त्याच्या प्रचाराचं काम गावातला चष्मेवाला पाहायचा. त्याचंही म्हणणं तेच होतं. नव्या मताला पुरावा मागतात. जुन्या मतावर आजवर कुणी पकडलं गेलेलं नाही.

त्यामुळे काम सोपं होतं. रविवारी दुपारी धाकटी दादाच्या बैठकीच्या खोलीत की-बोर्ड मांडीवर घेऊन बसली आणि फाइलीतली उत्तरं एकामागून एक उतरवत गेली. रस्त्यावरचे दिवे वाढवावेत का? सज्जन माणूस अंधार पडायच्या आत घरी येतो. बसच्या फेऱ्या वाढवाव्यात का? पायी चालल्याने शेजाऱ्यांशी ओळख राहते. शाळेत नवे विषय आणावेत का? जुने अजून कुठे संपलेत. ती फक्त वर्ष बदलत होती.

सातव्या प्रश्नाशी गाडं अडलं. वृद्धांच्या दिवसकेंद्राला राज्याकडून मिळणारं अनुदान चालू ठेवावं का? हा प्रश्न यंदा नवीन होता. अण्णांच्या काळी केंद्र नव्हतं. म्हातारपणी अण्णांना आई सांभाळत होती, आणि त्यासाठी आईला कुणाचं अनुदान नव्हतं.

धाकटीने सुचवलं की इथे सरळ "होय" लिहू. चष्मेवाल्याने विचारलं, फाइलीत आहे का? नव्हतं. दादा पानं उलटत राहिला आणि कोंडवाड्यापाशी थांबला. मोकाट गुरं पकडून ठेवायचा तो जुना कोंडवाडा. त्यावर अण्णांचं उत्तर तयार होतं. मोकाट जनावरे सांभाळणे हे शासनाचे काम नाही. ज्याची त्याने सांभाळावीत. आयत्या चाऱ्याची सवय लागली की मालक बेफिकीर होतात. तीन दिवसांत कोणी न्यायला आले नाही, तर जाहीर लिलाव करावा.

"हे चालेल," दादा म्हणाला. "जनावरांच्या जागी ज्येष्ठ नागरिक टाक, मालकाच्या जागी कुटुंबीय. बाकी अण्णांच्या भाषेला हात लावायचा नाही."

"दादा, आई जाते तिथे."

"आई आपली आहे गं. हे धोरण आहे."

केंद्र बंद झालं तर आईकडे कोण बघणार, असं तिने विचारलं. दादा म्हणाला की निवडणूक होऊ दे, मग आपण निवांत बसून ठरवू. आईने पहिल्यांदा गॅस चालू ठेवला तेव्हापासून दोघं निवांत बसणार होते. वहिनीने आतून सांगितलं की तिची कंबर धरली आहे. ते तिला कुणी विचारलेलं नव्हतं.

धाकटीने टाइप केलं. जनावरांचे ज्येष्ठ नागरिक झाले, मालकांचे कुटुंबीय झाले, चाऱ्याचा चहा झाला. शेवटच्या वाक्यावर तिचं बोट थांबलं. बावीस वर्षं दुकानात तिचा एक नियम होता. गिऱ्हाईक सांगेल ते टाइप करायचं, पण चूक उघड दिसत असेल तर एकदा विचारायचं. एकदा विचारून झालं होतं. तिने लिलाव तसाच राहू दिला.

दादाने न वाचता सही केली. अण्णांची भाषा होती, वाचायचं काय त्यात. धाकटी घरी आली आणि बऱ्याच महिन्यांनी तिला भूक लागली. गुरुवारी साप्ताहिक निघेल, शुक्रवारपासून दादा लोकांना तोंड दाखवू शकणार नाही, आणि केंद्र वाचेल. सख्ख्या भावाच्या पायात पाय घालताना वाईट वाटायला हवं होतं. तिने तेही थोडं वाटून घेतलं. आपलेच दात, आपलेच ओठ.

गुरुवारी दुपारपर्यंत कुणी काही बोललं नाही. मग एक पेन्शनर जमिनीचा कागद टाइप करून घ्यायला आले आणि वाट बघता बघता साप्ताहिक उघडून बसले. वाचता वाचता त्यांच्या खुर्चीचा आवाज बंद झाला. पेन्शनरांनी कागदाची घडी घातली, चष्मा पुसला आणि म्हणाले, "चला, कुणीतरी स्पष्ट बोललं."

संध्याकाळपर्यंत चष्मेवाल्याकडे चाळीस फोन आले. एकाला लिलावाची बोली कितीपासून सुरू होणार ते हवं होतं. दुसऱ्याची सासू आधीच आठ दिवस त्याच्याकडे होती. तिला ही मुदत मागच्या तारखेपासून लागू होईल का, असं त्याने अदबीने विचारलं. विरोधी उमेदवार एक शिक्षिका होत्या. त्यांनी पुढच्या अंकात अख्खं पान भरून लिहिलं की हे अमानुष आहे. पान अख्खं असल्यामुळे ते कुणी पुरतं वाचलं नाही.

दादा पहिल्यांदा गडबडला, हे खरं. पण सभेत लोकांनी टाळ्या वाजवल्या, तेव्हा त्याने नकळत तीन दिवसांची तीन बोटं वर केली. टाळ्या वाढल्या. आठवडाभरात पोस्टरवर तीन बोटं आली. त्याखाली ज्येष्ठ नागरिकांना विनम्र अभिवादनही होतं.

धाकटी रविवारी पुन्हा दादाकडे गेली आणि तिने कबूल केलं. वाक्य मुद्दाम ठेवलं होतं, तू पडावास म्हणून ठेवलं होतं, असं तिने उभ्याउभ्याच सांगितलं. दादाने तिच्या खांद्यावर हात ठेवला. त्याचे डोळे भरून आले होते.

"म्हणूनच सांगतो," तो म्हणाला, "अण्णांच्या भाषेला हात लावू नये."

पुढचं तुम्ही वाचलेलं नाही असं ठरलं होतं, पण आता इलाज नाही. धाकटीने शिक्षिकेला मत दिलं. आईचं मत दादाला गेलं, कारण आईला पोस्टरवर अण्णा दिसले आणि ती मतदान केंद्रावर सगळ्यांना सांगत सुटली की आमचे हे उभे आहेत. तीनशे बारा मतांतलं एक तिचं.

लिलाव अर्थात झाला नाही. तो मुद्दा अभ्यासासाठी समितीकडे गेला आणि तिथेच म्हातारा झाला. अनुदान मात्र बिनअभ्यासाचं बंद झालं. शेवटच्या संध्याकाळी केंद्रावरच्या बाईंनी खुर्च्या एकात एक घालून ठेवल्या आणि आईचा कप, आईच्या सपाता आणि आईचा रुमाल एका पिशवीत घालून धाकटीच्या हातात दिला. बाई म्हणाल्या, काळजी घ्या. दुसरं काही घेण्यासारखं उरलंही नव्हतं.

मग आई दुकानात येऊन बसायला लागली, प्रिंटरच्या मागे, लोखंडी खुर्चीवर. पहिल्या दिवशी तिने कोऱ्या कागदांच्या घड्या घातल्या. दुसऱ्या दिवशी एकाचं खरेदीखत दुसऱ्याच्या हातात दिलं. त्याने ते आनंदाने घेतलं. तिसऱ्या आठवड्यात धाकटी एका लांबलचक मृत्युपत्रात गुंतली असताना आई उठून गेली. अडीच तासांनी ती बसथांब्यावर सापडली. तिथली शेवटची फेरी दोन वर्षांपूर्वीच बंद झाली होती. आई म्हणाली, येईलच इतक्यात.

दुकानाचा मालक वाईट माणूस नव्हता. त्याने आईसाठी चहा मागवला, ती पिऊन होईपर्यंत थांबला, आणि मग म्हणाला की हा महिना संपेपर्यंत बघ, पुढे एकटी ये, नाहीतर येऊ नकोस. आई घरी एकटी राहू शकत नाही, एवढं त्याच्याही लक्षात आलेलं होतं.

धाकटी दादाच्या नव्या कार्यालयात गेली. बाहेर टेबलावर चष्मेवाला बसला होता. साहेब बैठकीत आहेत, तो म्हणाला. नातेवाइकांना वेगळी रांग ठेवली तर घराणेशाही दिसते, तेव्हा जे काही असेल ते लेखी द्या. तोंडी सांगितलेलं राहत नाही.

शेवटच्या दिवशी साडेचारला गिऱ्हाईक संपलं. धाकटीने स्वतःसाठी कोरा कागद घातला. बावीस वर्षांत तिने परक्यांचे हजारो अर्ज टाइप केले होते. कुठलं वाक्य कुठे येतं, हे बोटांना पाठ होतं. आई खुर्ची ओढत जवळ आली.

"अहो बाई, कुणाचा अर्ज?"

"माझ्या आईचा."

"द्या मग वेळेत," आई म्हणाली. "उशीर झाला की घेत नाहीत."

प्रति,
मा. सदस्य, विधिमंडळ, यांचे कार्यालय

विषय: स्थगिती मिळणेबाबत.

महोदय,
अर्जदाराची आई, वय वर्षे एकोणऐंशी, ही आपलीही आई आहे. आपल्या धोरणानुसार तिला सांभाळण्याची जबाबदारी कुटुंबीयांची असून, कुटुंबीय या सदरात सध्या अर्जदार व आपण अशी दोनच नावे आहेत. पैकी आपण बैठकीत आहात, व अर्जदाराची नोकरी आज सायंकाळी साडेपाच वाजता संपुष्टात येत आहे. दरम्यान आईचे विसरणे विनापरवाना व सुट्टीच्या दिवशीही चालू आहे. तरी, निवांत बसून काही ठरेपर्यंत आईच्या विसरण्यास उद्या सकाळी नऊपासून स्थगिती देण्यात यावी, व आजवर विसरलेल्यांपैकी किमान एक नाव तिला परत करण्यात यावे, ही नम्र विनंती.