न झालेल्या काशीचं मावंदं

आमच्या मालकांची काशी दरवर्षी थोडी थोडी वाढती. पहिल्या साली नुसती अंघोळ आणि दर्शन होतं. मग होडी आली. मग होडीवाल्याशी भांडण आलं, आणि त्या भांडणात ह्यांनी त्याला उचलून पाण्यात टाकला. गेल्या साली तर हे गंगा पोहून पलीकडं गेलं आणि ऐकणारी खुळी "व्हय की, व्हय की" म्हणून माना हलवत बसली. तालमीच्या कट्ट्यावर रोज सकाळी हे चालतं. चहा दुसऱ्याचा, थापा ह्यांच्या.

नाव हंबीरराव. मिशी नावाला शोभंल अशी. बिद्रीला साखर कारखान्यात नोकरी केली, रिटायर झाले, आणि आता काशी सांगणे एवढाच धंदा हाय. हा माणूस आयुष्यात मिरजेच्या पुढं गेलेला न्हाय. मला ठावं हाय, कारण मिरजेपर्यंत मी बरोबर होते.

पंधरा-सोळा वर्सं झाली त्याला. आमच्या पोराचं, सम्राटचं लग्न व्हायचं होतं. सासूबाईंचं वर्षश्राद्ध झालं आणि ह्यांच्या डोक्यात आलं, काशी करून यायची. अख्ख्या गल्लीत बोभाटा केला. निघायच्या दिवशी दारात हलगी. गळ्यात हार, मला नवं लुगडं, स्टेशनापर्यंत सगळी गल्ली पाठवायला. मी त्या दिवशी लई खुशीत होते, खोटं कशाला बोलू. माहेर शेतकऱ्याचं, सासर शेतकऱ्याचं. देव बघितला तो जोतिबा आणि अंबाबाई. रेल्वेत रात्रीचं झोपायला मिळतंय ह्याचंच मला अप्रूप होतं.

मिरजेला गाडी बदलायची होती. दुसरी गाडी आली. ही लांबलचक, माणसं दारात लोंबकळत्यात, आतनं हिंदीतनं आरडाओरडा. ह्यांनी हातातली पिशवी खाली ठेवली आणि बाकड्यावर बसकण मारली.

"मला न्हाय जमायचं," म्हणालं.

"काय न्हाय जमायचं?"

"एवढं लांब. तिकडं आपलं माणूस न्हाय, आपली भाषा न्हाय. वाटंत काय झालं-गेलं, मेलो-बिलो तर?"

मी म्हणाले, "काशीला लोक त्याच्यासाठीच जात्यात."

तालमीत दंड थोपटणारा माणूस, कपाळाला घाम फुटलेला. मी हाताला धरून ओढलं, चारचौघांत ओढलं. उठंनात. गाडी माझ्या डोळ्यांदेखत हलली. मी पायरीच्या एवढी जवळ होते की हात पुढं केला असता तर दांडा हाताला लागला असता. तेवढी अक्कल तवा आली न्हाय, एकटी चढले न्हाय.

आता हलगी लावून घालवलेला माणूस त्याच रात्री कुठल्या तोंडानं घरात शिरणार? म्हणून आम्ही गेलो आजऱ्याला. तिथं ह्यांचा मामेभाऊ गुंडू, त्याचा काजूचा धंदा. काशीला लागणारे सगळे दिवस आम्ही त्याच्या पत्र्याच्या शेडात काढले. हे बाजेवर लोळायचे आणि गुंडूच्या म्हाताऱ्याला खोदून खोदून विचारायचे, कारण म्हातारा खरोखर काशी करून आलेला. घाट किती, पंडे कसे, भात मिळतोय का. मी बायकांच्यात बसून काजू सोलायचे. टरफलाच्या तेलानं बोटं काळी पडली, सालपटं निघाली. ही माझी काशी.

निघताना ह्यांनी कडी केली. गडहिंग्लजच्या बाजारातनं तांब्याचे बारके गडू आणले, त्यात आजऱ्याच्या हिरण्यकेशी नदीचं पाणी भरलं आणि तोंडाला कथलाचा डाग देऊन बंद करून घेतले. झाली गंगा.

मी म्हणाले, "थापा मारा, मी काय बोलत न्हाय. पण हे करू नका. देवाच्या नावावर हे बरं न्हाय."

"पाणी ते पाणी. सगळ्या नद्या एकच असत्यात," म्हणालं. काशीला जायच्या भेवानं घाम फुटलेला माणूस मला अध्यात्म शिकवत होता.

घरी आलो तर पुन्हा हलगी. काशी करून आलेल्यानं मावंदं घालायचं, म्हणजे गंगेची पूजा करून गल्लीला जेवू घालायचं, ही आमच्याकडची रीत. चौरंगावर गडू मांडले, हळदकुंकू वाहिलं, पुरणपोळीच्या पंगती उठल्या. आमचे पाय धुतले. नव्या सुना पाया पडल्या, त्या पाण्याची तीर्थं घेतली. कुणीतरी विचारलं, वयनी बोटं कशानं काळी झाली? माझ्या आधी ह्यांनी तोंड घातलं, "रोज दिवं सोडत होती गंगेत. वातीची काजळी हाय ती." बायकांनी माझी बोटं डोळ्याला लावली. भर मांडवात मी नवऱ्याचं धोतर सोडायला पायजे होतं. पण सम्राटला बघायला पावणं येणार होते, म्हणून गप बसले.

दर घराला एक गडू दिला. लोकांनी देव्हाऱ्यात ठेवला. घरात कुणाचं शेवटचं आलं की डाग फोडायचा, तोंडात पाणी सोडायचं, माणूस सुखानं जातो म्हणत्यात. आमच्या घरातला गडू मी दुसऱ्याच दिवशी तुळशीत ओतला.

ह्या साली गल्लीतल्या बायकांच्या भिशीनं ठरवलं, काशीला जायचं. नुसत्या बायकांनी. पुढारीण धोंडुबाई, तिची पिठाची गिरणी हाय. मालक गेले तिचे मागं, केरबा म्हणून, लई चांगला माणूस. नवरा गेल्यावर गिरणी बंद पडंल म्हणाली होती लोकं, तिनं दुसरी घातली. बाई खमकी. ती म्हणाली, जिची काशी झाली न्हाय तिलाच जागा. झालेल्यांनी घरात बसून नातवंडं सांभाळायची. सगळ्यांनी माझ्याकडं बघून दात काढले. काशी झालेली गल्लीत मीच एकटी.

मला जायचं होतं. पुण्य-बिण्य मला काय सांगू नका, मला ती गाडी पायजे होती. मिरजेला जी माझ्यासमोरनं हलली तिच्यात बसायचं होतं, आणि ह्या वेळी बरोबर हा भित्रा बाप्या नसणार होता. गुडघे आता बोलायला लागल्यात, पुढच्या साली जिना चढवंल का न्हाय सांगता येत न्हाय. सगळ्या जागा भरल्या, पण आयत्या वेळी एकीचा पाय मोडला आणि एक मोकळी झाली. ती मागायला चिमणाबाई उभी राहिली. चिमणाबाईला पन्हाळ्यापुढचं जग ठाऊक न्हाय, पण निदान ती तसं कबूल करती.

मी घरात सांगितलं, "उद्या बैठक हाय गिरणीवर. मी खरं सांगणार."

ह्यांचा घास तोंडातच राहिला. "आता ह्या वयात माझी अब्रू घालवणार व्हय?"

"असली तर जाईल."

मग लाडीगोडी. "तुला पन्हाळ्याला नेतो की. वर गार वारा हाय, झुणका-भाकरी खाऊया, घोड्यावर बस." मी ताटं उचलली. मग म्हणालं, "तसंच असंल तर मी येतो आणि सांगतो, हिचा तिकडं नवस फेडायचा ऱ्हायलाय. जागा मिळती बघ." एका थापेला दुसरीचं ठिगळ. एवढी वर्सं मी ह्या माणसाला भाकरी थापून घातली, ह्याचा मला त्या दिवशी जेवढा राग आला तेवढा मिरजेला पण आला नव्हता.

दुसऱ्या दिवशी दुपारी गिरणी बंद करून धोंडुबाईनं ओट्यावर सतरंजी टाकली. बायका जमल्या. चिमणाबाई पुढंच बसलेली. मी उभी राहिले आणि एका दमात सांगून टाकलं. मी काशीला गेलेली न्हाय. आम्ही मिरजेहनं माघारी फिरलो. आजऱ्याला काजू सोलत होतो. ती जागा माझी हाय.

सगळ्या फिदीफिदी हसल्या.

"काकी, काय बी बोलताय," अनुजा म्हणाली. ती शेजारची सून, मावंद्याला नवी नवरी होती. "मला चांगलं आठवतंय, मी तुमच्या पाया पडले. तुमच्या पदराला गंगेचा वास येत होता."

"काजू भाजल्याचा धूर तो," मी म्हणाले.

"आणि ते दर्शनाच्या रांगंत तुम्ही चुकलासा, काका तुम्हाला हाका मारत फिरलं, ते? आम्ही पोरांना त्यांच्या लहानपणापासनं सांगतोय की."

हे मी पहिल्यांदा ऐकत होते. मी कुठंतरी चुकले होते, आणि ह्यांनी मला शोधून काढलं होतं. एकीनं सांगितलं, मी घाटावर रडले. दुसरीनं सांगितलं, मी एका आंधळ्या म्हातारीला साडी दिली. प्रत्येकीकडं माझ्या काशीचा एक तुकडा होता, आणि जिनं तिनं तो जपून ठेवला होता. माझ्याकडंच तेवढं काय नव्हतं.

चिमणाबाई म्हणाली, "जागेसाठी नवऱ्याला खोटं पाडती. काशी करून आलेली बाई, आणि ही बुद्धी."

"मग बोलवा की त्यांना," मी म्हणाले. "माझ्यासमोर बोलू दे."

कट्टा जवळच. अनुजा जाऊन घेऊन आली. हंबीरराव गिरणीच्या दारात उभे राहिले, टोपी हातात. मी त्यांच्या डोळ्यांत डोळे घालून म्हणाले, "सांगा. मिरजेला काय झालं ते सांगा."

ह्यांनी माझ्याकडं बघितलं, बायकांकडं बघितलं. मिशीवरनं हात फिरवला. मग आवाज बारीक करून, लई माया असल्यागत म्हणालं, "अलीकडं हिच्या ध्यानात ऱ्हाईना झालंय. डॉक्टरला दाखवायचं हाय."

बायका चुकचुकल्या. एकीनं मला हाताला धरून खाली बसवलं. पाणी दिलं. मी ह्या माणसाला भित्रा समजत होते, नालायक समजत होते, पण एवढा खालचा असंल असं मला खरंच वाटलं नव्हतं. मी तोंड उघडलं. आजऱ्याच्या गुंडूला फोन लावा म्हणणार होते. गुंडूनं दोन मिनिटांत सगळं सांगितलं असतं.

तवा धोंडुबाई बोलली. तोवर ती एक अक्षर बोलली नव्हती आणि हसली पण नव्हती.

"क्रांती," ती मला म्हणाली. "आमच्या मालकांचा जीव अडकला होता. तुला ठावं हाय, तू रोज येत होतीस. घशातनं घरघर यायची, डोळं छताला लागलेलं, सुटत न्हवतं. शेवटी मी तुमचा गडू काढला. डाग निघंना तर विळ्यानं फोडला. चमचा तोंडाला लावला आणि माणूस शांत झाला. माझ्याकडं बघितलं आणि गेलं."

धोंडुबाईच्या हातावर पीठ होतं, ते ती पुसत पण नव्हती.

"तेवढ्यावर मी दिवस काढते," ती म्हणाली. "न्हायतर त्यांचे लई हाल झाले गं. आता मला एकदाच सांग. तू गेलतीस का न्हाय?"

तिला सगळं कळलं होतं. मी उभी राहून बोलले तवाच कळलं होतं, म्हणून ती हसली नव्हती. फोनचं माझ्या ओठावर होतं. गाडी समोर उभी होती आणि ह्या वेळी दांडा माझ्या हातात होता. दारात हे उभेच होते. त्यांच्याकडं बघितलं असतं तर मी सांगून मोकळी झाले असते, म्हणून बघितलं न्हाय.

"गेलते," मी म्हणाले.

धोंडुबाईनं डोळं मिटलं आणि उघडलं. "मग जागा चिमणाबाईची," म्हणाली.

चिमणाबाई माझ्या गुडघ्याला गुडघा लावून सरकली. आता तिला माझा राग उरला नव्हता. "वयनी, पहिल्यांदा जातोय. कसं हाय तिकडं, सांगा की."

सगळ्या जवळ आल्या. धोंडुबाई पण आली, माझ्या समोर बसली. मी सांगायला लागले. घाट कसा हाय, पायऱ्या कशा हायेत, पाणी किती गार हाय. मधे दोनदा ह्यांनी दारातनं माझं चुकलं म्हणून दुरुस्त केलं.