डाव्या हाताचा पट्टा

मी एक जुनी ओकची खुर्ची आहे. माझ्यावर दमून कोणी बसत नाही.

पुन्हा सुरू करते.

मित्रांनो, मी एक जुनी खुर्ची आहे आणि मला बोल्टांनी जमिनीत आवळून टाकले आहे. तुमच्या घरातली खुर्ची उन्हाबरोबर सरकते, पाहुणे आले की अंगणात जाते. मी जिथे आहे तिथेच आहे. माझ्यासमोर एक मोठी काच आहे आणि काचेपलीकडे बाक. मागे भिंत आहे. भिंतीपलीकडच्या कोठडीत, ज्याला माझ्यावर बसवायचे असते त्याला शेवटचे काही दिवस ठेवतात. मला तो दिसत नाही. ऐकू येतो.

जन्म.

मला याच तुरुंगाच्या सुतारशाळेत बनवले. बनवणारा अल्वा स्ट्राउड हा जन्मठेपेचा कैदी होता. तुरुंगात येण्यापूर्वी तो चर्चमधली बाके करायचा. कशासाठी खुर्ची हवी आहे हे त्याला कोणी सांगितले नाही. एवढे चांगले लाकूड आले म्हणजे तुरुंगप्रमुख वॉर्डनच्या ओसरीत ठेवायची असेल, असे त्याला वाटले. म्हणून त्याने माझे हात रुंद ठेवले. उन्हाळ्यात गोड थंड चहाचा पेला त्यावर नीट राहावा म्हणून. मग दुसरी माणसे आली. त्यांनी त्याच हातांना भोके पाडली, पट्टे बसवले, मागून तारा आणल्या. त्यानंतर स्ट्राउडने सुतारशाळेत पाऊल टाकले नाही. धोबीखान्यात काम मागून घेतले.

कामाची वर्षे.

इथे मी काही सांगणार नाही. विजेचे मला काही कळत नाही; ती माझ्यातून जात नाही, माझ्यावर बसलेल्यातून जाते. बसलेल्यांची नावे मला ठाऊक आहेत. काचेपलीकडे कधी त्या माणसाची आई बसलेली असे, कधी त्याने ज्याचा जीव घेतला होता त्याची. दोघी पर्स मांडीवर सारख्याच धरून बसत.

कौतुक.

झाले. चार राज्यांत अशी भक्कम खुर्ची नाही, असे वर्तमानपत्रात छापून आले.

मग माझ्याऐवजी विषाच्या इंजेक्शनची सुई आली. माझ्यावर ताडपत्री टाकली. ते माझे सुखाचे दिवस होते. त्यांच्याबद्दल सांगण्यासारखे काहीच नाही, म्हणूनच ते सुखाचे होते. पण सुईतले औषध बनवणाऱ्यांनी ते या कामासाठी विकायचे बंद केले, आणि कधी मिळते, कधी मिळत नाही असे होऊ लागले. तेव्हा राज्याने नवा कायदा केला. मरणाऱ्यानेच सांगायचे: खुर्ची की सुई. तो काहीच बोलला नाही, तर खुर्ची.

ताडपत्री निघाली.

ती काढणारा कॅप्टन क्रम्प वाईट माणूस नाही. त्याने मला मऊ फडक्याने पुसले. काचेपलीकडून लोक बघणार, मग नीट दिसायला हवी, म्हणून त्याने मला व्हार्निश लावले. उत्साहाच्या भरात पट्ट्यांच्या बकलांनाही लावले. गंजू नयेत म्हणून.

आमच्याकडची हवा दमट. व्हार्निश वाळलेच नाही. बोट लावले तर चिकटायचे.

त्याच सुमारास भिंतीपलीकडे लॉनी पेटवे आला. तरुणपणी त्याने पेट्रोलपंपावरच्या एका माणसाला गोळी घातली होती. घातली होती, त्यात वाद नव्हता. आता त्याचे केस पांढरे झाले होते. त्याच्यावर पहारा ड्वाइट मेब्रीचा असे. मेब्री त्याला बरीच वर्षे ओळखत होता. गजांच्या खाचेत पट ठेवून दोघे काळ्या-तांबड्या सोंगट्या खेळत आणि एकमेकांवर लबाडीचे आरोप करत.

मित्रांनो, आता आमच्याकडची एक रीत सांगायला हवी. माणसाला बसवण्याआधी रंगीत तालीम होते. त्याच्याच बांध्याचा एक शिपाई माझ्यावर बसतो आणि बाकीचे त्याला बांधतात. प्रत्येकाला एकच पट्टा. हा डावा हात, हा उजवा पाय, हा छाती. अख्खा माणूस कोणाच्याच वाट्याला येत नाही.

"मेब्री, चल, बस सिंहासनावर," क्रम्प म्हणाला.

"मीच का?"

"पेटवेच्या मापाचा तूच आहेस. उंची तीच, पोट तेच."

"त्याचं पोट तुरुंगाच्या खाण्याचं आहे, कॅप्टन. माझं बायकोच्या हातचं."

"मग तिला दोष दे. बस."

मेब्री बसला. माझे हात त्याला नेमके बसले. स्ट्राउडने ते कोणालाही बसतील असेच केले होते.

"खऱ्यासारखं आवळा," क्रम्प म्हणाला. "लाड नकोत."

डावा हात ओटिस गेन्सकडे होता. त्याने सगळा जोर लावून पट्टा ओढला. मग क्रम्पने मान हलवली आणि सगळे सोडायला लागले. छाती सुटली, पाय सुटले, उजवा हात सुटला.

"अरे ओटिस, गाठ मारलीस की काय?" क्रम्पने विचारले.

"निघत नाहीये. चिकटलंय."

"ओढ की."

"ओढतोय ना!"

"मेब्री, जेवण इथेच आणून देऊ का रे?" पायाकडचा एक जण म्हणाला. सगळे हसले. मेब्रीही हसला.

मग त्याचे हसणे थांबले.

"वीज बंद आहे ना?"

"अर्थात बंद आहे."

"कोणी पाहिलं?"



डाव्या हाताने उजव्या हाताकडे पाहिले. उजव्या हाताने पायांकडे. बटण बघणे यांपैकी कोणाचेच काम नव्हते. ते काम आडपडद्यामागच्या वायरमनचे, आणि पट्ट्यांच्या तालमीला वायरमन कशाला, म्हणून त्याला बोलावलेच नव्हते. प्रत्येकाने आपापला पट्टा चोख सांभाळला होता.

"बघा ना कोणीतरी! अरे बघा की रे! नुसते उभे काय राहिलात?"

मेब्री खेचू लागला. माझा हात करकरला, पण तुटला नाही. भक्कम होता. मित्रांनो, मला तेव्हा उघडायचे होते. मी उघडू शकत नाही. बांधणे माझ्यात आहे, सोडणे माझ्यात नाही.

ओटिस पडद्यामागे धावला. "बंद आहे! बंदच आहे!"

मेब्रीने ऐकले, पण त्याच्या मनगटाने ऐकले नाही. ते खेचतच राहिले. शेवटी क्रम्पने चाकूने पट्टा कापला. मेब्री उठून भिंतीला टेकला आणि कोणाकडे न पाहता निघून गेला.

दुपारी भिंतीपलीकडे सोंगट्या वाजल्या.

"तुझी चाल, मेब्री."

"हं."

"सकाळी तू ओरडत होतास."

"मुंगी चावली."

"मुंगी चांगली धष्टपुष्ट असणार."

एक सोंगटी सरकली. मग लॉनी म्हणाला, "उद्या वॉर्डन विचारायला येणार. वकीलबाई म्हणतात, सुई घे. त्या रीडला सुई दिली तेव्हा शीर सापडेना म्हणून किती वेळ टोचत बसले होते, तूच सांगितलंस. तू तर हिच्यावर बसून आलायस. काय करू?"

"मला त्यावर बोलायची परवानगी नाही."

"मला तरी मरायची हौस आहे का? बोल."



"लॉनी, मला बसल्यावर एवढंच वाटलं, सुटायचंय. बाकी काही उरलंच नाही डोक्यात. बायको नाही, देव नाही. नुसतं सुटायचंय."

"आणि सुटलास."

"पट्टा कापला त्यांनी."

"हं," लॉनी म्हणाला. "तुझी तांबडी गेली बघ."

संध्याकाळी मेब्री क्रम्पला म्हणाला, मला या कामातून काढा. क्रम्प म्हणाला, बघू.

सकाळी वॉर्डन दोन साक्षीदार घेऊन कोठडीशी आला. त्याने कायदा वाचून दाखवला आणि विचारले, "खुर्ची की सुई?"

मी मनात म्हटले, सुई म्हण. मी हे पुन्हा पुन्हा म्हटले.

"मी निवडत नाही," लॉनी म्हणाला.

"म्हणजे खुर्ची. समजतंय ना तुला?"

"समजतंय. पेट्रोलपंपावर जे केलं ते मी ठरवून केलं. ते माझं. हे तुम्ही ठरवलंय. हे माझ्या तोंडून वदवून घेऊ नका."

वॉर्डन घुटमळला. "आणखी काही सांगायचंय?"

"डावा हात मेब्रीने बांधावा. बाकी कोणी नको."

मेब्री तिथेच उभा होता.

ज्या दिवशी नेमले होते त्या दिवशी, बाहेर ऊन असतानाच, लॉनी आला. स्वतःच्या पायांनी आला. बसताना त्याने मागे हात टेकून अंदाज घेतला, जसा कोणीही अनोळखी खुर्चीवर घेतो. सगळे आपापल्या पट्ट्याला लागले. डाव्या हाताला नवा पट्टा होता, कोऱ्या चामड्याचा वास येणारा. मेब्री गुडघ्यावर बसला. त्याने पट्टा गुंडाळला, ओढला, आणि जिथे बकल लावायचे त्याच्या एक भोक अलीकडे, सैलसर लावले.

शेवटी प्रत्येक पट्ट्याखाली बोट घालून बघणे हे क्रम्पचे काम. छातीखाली बोट गेले नाही. उजव्या हाताखाली गेले नाही. डाव्या हाताखाली सहज गेले.

क्रम्प थांबला. मेब्रीने मान वर केली नाही. मग क्रम्पने बोट काढून घेतले आणि तो पायांकडे वळला.

लॉनीने मनगट फिरवून पाहिले. ते फिरले. आजवर इतकी जागा मी कोणाला दिली नव्हती. तीही मी दिली नव्हती.

त्यानंतरचे मी सांगणार नाही.

मेब्री दुसऱ्या दिवशी कामावर आला नाही. नंतरही आला नाही. त्याच्या जागी दुसरा शिपाई शोधला म्हणतात.

मित्रांनो, वस्तूंची निगा राखावी असे तुम्हाला शिकवतात. ते खरे आहे. तुमची बाके पुसा, घरच्या खुर्चीचा पाय हलत असेल तर खिळा ठोका. मला मात्र विसरा. छप्पर गळू द्या. वाळवी येत असेल तर तिला हाकलू नका. मी चांगल्या लाकडाची आहे आणि चांगल्या हाताने घडवलेली आहे, त्यामुळे स्वतःहून मोडायला मला फार काळ लागेल. तोवर त्या कोठडीत कोण कोण येईल, सांगता येत नाही.

दार वाजले. क्रम्प आला आहे. त्याच्या एका हातात फडके आहे आणि दुसऱ्या हातात तेलाची बाटली. तो वाईट माणूस नाही.

त्याला थांबवा.