वाकलं तरी दिसता कामा नये

तुम्हीच तिच्या कमरेला पिस्तूल बांधलंत. पैसे तिचे गेले, सही तिची झाली, पण बांधलंत तुम्ही. पहिल्यांदा आश्लेषाने फोन केला तेव्हा तिच्या गळ्यावर नवऱ्याच्या बोटांचे वळ होते. तुमचे दोघे पोलीस आले. अमित त्यांच्याशी दारातच बोलला, सावकाश, गोड इंग्रजीत, आणि जाताना ते त्याच्याशी हात मिळवून गेले. दुसऱ्यांदा फोन केला तेव्हा तो तीन संध्याकाळी तिच्या ऑफिसच्या पार्किंगमध्ये तिच्याच गाडीला टेकून उभा होता. उभं राहणं हा गुन्हा नाही, असं तुम्ही कळवलंत. तिसऱ्यांदा ती स्वतः तुमच्या काउंटरवर आली. काचेमागच्या माणसाने तिला कोर्टाचा पत्ता लिहून दिला आणि वर सांगितलं, बाई, आम्ही काही तुमच्या दाराशी बसून राहू शकत नाही, तुमची सोय तुम्ही बघा.

तिने बघितली.

हे २००६ सालचं, ॲरिझोनातलं, फिनिक्सच्या दक्षिणेला वाळवंटात उगवलेल्या एका गावातलं. आश्लेषा मूळची साताऱ्याची, वय चौतीस, एका विमा कंपनीत सॉफ्टवेअर टेस्टिंग करायची. तिची मुलगी निधी सहा वर्षांची, पहिलीत. नवरा अमित चिप बनवणाऱ्या कारखान्यात इंजिनियर, तिथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत खड्या आवाजात आरती म्हणणारा, लोकांचं सामान आपल्या गाडीतून हलवून देणारा. असल्या माणसाबद्दल कोण काय ऐकणार? मे महिन्यात ती निधीला घेऊन वेगळी राहायला लागली. कोर्टाने कागद दिला की अमितने तिच्या आणि मुलीच्या जवळ फिरकायचं नाही. पण तो कागद त्याच्या हातात पडेपर्यंत लागू होत नव्हता, आणि तुमच्या माणसांना अमित काही सापडत नव्हता. रोज कारखान्यात हजेरी लावत होता, दर शनिवारी क्रिकेट खेळत होता, आणि तुम्हाला सापडत नव्हता.

मग जूनमध्ये त्याचा निरोप आला, आन्सरिंग मशीनवर, अगदी शांत आवाजात. निधीचा पासपोर्ट माझ्याकडे आहे. एक दिवस शाळेतून तिला घेईन आणि नागपूरला जाईन. तू बस शोधत.

त्या आठवड्यात ती जवळच्या चँडलरमधल्या डोलोरेसच्या बंदुकांच्या दुकानात गेली. आदल्या वर्षी ग्रीन कार्ड आलं होतं म्हणून पिस्तूल घेता आलं. नुसत्या व्हिसावर असती तर कायद्याने तेही नाही. डोलोरेस साठी उलटलेली, पोस्टातून निवृत्त झालेली बाई. दुकानामागच्या खोलीत ती लपवून पिस्तूल बाळगण्याच्या परवान्याचा आठ तासांचा वर्ग घ्यायची. बोटांचे ठसे, फॉर्म, परीक्षा, सगळं आश्लेषाने केलं. परवाना ऑगस्टच्या शेवटी आला.

डोलोरेस म्हणायची, पिस्तूल निवडायला पंधरा मिनिटं लागतात, होल्स्टर, म्हणजे ते अंगावर बाळगायचं म्यान, निवडायला सहा महिने. पिस्तुलाचा चाप पूर्ण झाकला गेला पाहिजे, आणि तोही कडक आवरणाने. मऊ कापड तिथे चालत नाही. उलटं धरून हलवलं तरी आतलं सुटता कामा नये. आणि टोचता कामा नये. टोचतं ते माणूस आठ दिवस अंगावर घालतो, नवव्या दिवशी कपाटात ठेवतो, आणि नववा दिवस कुठला ते आपल्याला आधी कोणी सांगत नाही.

आश्लेषा टेस्टर होती. तिने वही उघडली. पिस्तूल रिकामं करायचं, दोनदा तपासायचं, गोळ्या दुसऱ्या खोलीत ठेवायच्या, आणि मग एकेक होल्स्टर अंगावर चढवून घरभर वावरायचं. कमरेच्या उजव्या बाजूचं पहिल्याच दिवशी बाद झालं. ते पुरुषाच्या सरळ कमरेसाठी शिवलेलं. तिच्या कमरेवर बसलं की पिस्तुलाची मूठ बरगडीत घुसायची. शिवाय कुडत्याला दोन्ही बाजूंनी चिरा, चालताना सगळा कारभार उघडा. वर जाकीट घाल, असं डोलोरेस म्हणाली, आणि एकशे आठ डिग्री फॅरनहाइटच्या उन्हात जाकीट घालणाऱ्या बाईकडे लोक किती वेळा वळून बघतील याचा विचार करून स्वतःच हसली. खास कप्प्याची पर्स बरी होती. पण निधी च्युइंगगमसाठी आईच्या पर्सशिवाय दुसरीकडे हात घालत नसे. ती पर्स आश्लेषाने त्याच दुपारी परत केली. घोट्याला बांधायचं चामडी होल्स्टर डोलोरेसने फार कौतुकाने दाखवलं. तेव्हा आश्लेषाला तिला समजावून सांगावं लागलं की आमच्यात कोणाच्याही घरी गेलं की चपला-बूट दारात काढतात आणि पुष्कळदा जमिनीवर मांडी घालून बसतात.

शेवटी रुंद इलॅस्टिकचा पोटपट्टा ठरला. आत कडक प्लास्टिकचं कवच, वर सैल कुडता. घामाने खाज सुटायची, पण खाज सोसता येते. झाडू मारला, निधीला उचललं, गाडीत बसून पट्टा लावला, वरच्या फळीवरचा डबा काढला. वहीत सगळ्यांपुढे बरोबरची खूण. तीन आठवडे ती तशी ऑफिसला गेली. रोज संध्याकाळी पार्किंगमध्ये चालताना तिचा डावा हात कुडत्याच्या टोकाशी असायचा. घरी पोचल्यावर तो हात उघडायला वेळ लागायचा, इतका आवळलेला.

मग मोरेश्वरकाकांचा फोन आला. काका म्हणजे मंडळाचे सगळ्यात जुने. लोकांची भांडणं मिटवायची त्यांना हौस. त्यांचं म्हणणं असं की अमितने पासपोर्ट आणून दिलाय, तो आमच्याकडे सुरक्षित आहे. शनिवारी चारला ये, घेऊन जा. कोर्टाचंही जरा बोलू, घरातली गोष्ट घरात राहिलेली बरी. तिने एकच विचारलं, अमित असणार का? काका म्हणाले, छे, तो कशाला.

शुक्रवारी ऑफिस सुटल्यावर ती डोलोरेसकडे गेली. वहीत एक ओळ राहिली होती. काकाकाकूंच्या पाया पडायचं होतं. लग्नानंतर ती या देशात आली तेव्हा याच दोघांनी तिला आठ दिवस घरी ठेवून घेतलं होतं, आणि त्यांच्या पाया न पडता ती त्या घरात कधीच शिरली नव्हती. नाही वाकली तर बोलणं तिथेच संपेल. बघा, हिचीच मान ताठ, असं काका म्हणतील, आणि पासपोर्ट कपाटात जाईल.

"दाखव," डोलोरेस म्हणाली.

आश्लेषा तिच्या बुटांना हात लावायला वाकली. डोलोरेसने पाय मागे घेतले.

"अगं हनी, मी पोस्टात होते, चर्चमध्ये नाही. उठ. परत कर. मी बाजूने बघते."

पट्टा पुढे असला की वाकताना मूठ पोटात रुतायची आणि तोंडातून आवाज यायचा. बाजूला सरकवला की कुडत्याखाली उंचवटा. राहता राहिली पाठ. पाठीवर मध्यभागी सपाट बसवलं, ओढणी दोन्ही खांद्यांवरून मागे पसरून सोडली, तर वाकलं तरी काही दिसत नव्हतं. डोलोरेसला ते अजिबात पटलं नाही. पाठीवर पडलीस तर मणका जाईल, म्हणाली. आणि मुळात जातेसच कशाला, अशा घरी? आश्लेषाने पासपोर्टचं सांगितलं. डोलोरेसने पट्टा दोन बोटं वर सरकवून घट्ट केला. म्हणाली, घर त्यांचं आहे, पिस्तूल नको म्हणाले तर वाद न घालता निघून यायचं, कायदा तसाच आहे. आश्लेषा आरशासमोर अकरा वेळा वाकली. वहीत खूण केली.

शनिवारी निधीला आपल्या मैत्रिणीकडे, उल्काकडे सोडून ती निघाली. काकांच्या दारात चपला काढताना तिला अमितचे सँडल दिसले. डाव्या पायाच्या पट्ट्याला तिनेच घातलेला टाका.

परत फिरायला चार पावलं पुरली असती. पण दरवाजा उघडा होता आणि समोर हॉलमधल्या टीपॉयवर निळा पासपोर्ट पडला होता, सरळ नजरेसमोर. ती आत गेली.

अमित सोफ्यावर चहा पीत होता. काका म्हणाले, मीच बोलावलं त्याला ऐन वेळी, समोरासमोर बसलं की गाठी सुटतात. ती दाराकडे पाठ करून उभी राहिली. काका बोलत राहिले, अमित बशीकडे बघत राहिला. मग मान वर करून हसला.

"काय आशू, नमस्कारसुद्धा विसरलीस? की कोर्टाने त्यालाही बंदी केलीय?"

काका अवघडून हसले. ती पुढे झाली, काकांसमोर वाकली, उठली. काही झालं नाही. मग सुहासिनीकाकूंसमोर वाकली. काकूंचे डोळे भरून आले होते. त्यांनी आशीर्वादाला हात उचलला आणि आपल्या बायका ठेवतात तसा, डोक्यावरून खाली फिरवत, तिच्या पाठीवर ठेवला.

आरशाला हात नसतो. अकरा वेळा वाकून त्या वहीत ही एक ओळ लिहायची राहून गेली होती.

"अगं बाई," काकू कळवळून म्हणाल्या, "पाठीला पट्टा लावलायस? मणका सरकला की काय गं? मला सांगायचंस ना, मी दोन वर्षं लावत होते."

आश्लेषा उठली. अमितने कप खाली ठेवला. तिच्या पाठीचं दुखणं नवऱ्याला ठाऊक असणारच, आणि असलं काही दुखणं तिला नव्हतं. तो तिच्या ओढणीकडे बघत उठला, मागच्या काचेच्या दारातून अंगणात गेला आणि दार सरकवून घेतलं. फोन त्याच्या कानाला होता. काचेतून शब्द तुटक येत होते. माझी बायको. शस्त्र. मानसिक स्थिती ठीक नाही. घरात म्हातारी माणसं आहेत.

"काकू," ती हळू म्हणाली, "पिस्तूल आहे. परवाना आहे माझ्याकडे. मी लगेच जाते. मला फक्त पासपोर्ट द्या."

काकांचा हात पासपोर्टवर आला. आमच्या घरात, असं ते दोनदा म्हणाले. मग त्यांनी खिशातून घडी घातलेला कागद काढला. कोर्टातली केस मागे घेण्याचा अर्ज होता, टाइप केलेला, सहीची जागा सोडून. आधी ही सही, मग पासपोर्ट. काकू मात्र काचेबाहेर बघत होत्या.

"याच्यासाठी बाळगतेस?" त्यांनी विचारलं. "इतकं झालंय?"

आश्लेषाने कुडत्याचा गळा थोडा खाली ओढला. मेमधल्या नखाचा एक व्रण अजून गेला नव्हता.

तेवढ्यात तुमच्या गाड्या आल्या. सहा मिनिटांत आलात. दोन गाड्या, चार माणसं. तिला बाहेर काढून घरापुढच्या खडीवर पालथं झोपवलंत, उन्हात भाजलेल्या खडीवर, गाल टेकवून. ओढणी एकाने बाजूला फेकली, कुडता वर केला, पट्टा ओरबाडून काढला. परवाना पर्समध्ये आहे हे ती तीनदा म्हणाली. वीस मिनिटांनी तुमच्या रेडिओवर कोणीतरी सांगितलं की परवाना खरा आहे, बाईने कुठलाही गुन्हा केलेला नाही. मग तिला उठवलंत. पिस्तूल वेगळं, गोळ्या वेगळ्या, हातात दिलंत, आणि आता घरी जा म्हणालात. तोवर अमितने आपलं नाव, आडनाव, जन्मतारीख एकेक अक्षर फोडून सांगितली होती आणि तुमच्यातल्या एकाने ती वहीत उतरवून त्याला थँक यू सर म्हटलं होतं.

काकू अनवाणी बाहेर आल्या. हातात पासपोर्ट. मागून काका हाका मारत होते, त्या थांबल्या नाहीत. खडीवर पाय पोळत होते तरी सरळ चालत आल्या आणि तो आश्लेषापुढे धरला. अमितने मधेच हात घातला आणि काढून घेतला. मी बाप आहे तिचा, तो इंग्रजीत म्हणाला, तुमच्या माणसाकडे बघून. तुमच्या माणसाने खांदे उडवले. हा घरगुती मामला आहे, आमचा नाही.

आश्लेषाच्या गालात खडे रुतले होते. तिने पर्समधून कोर्टाचा कागद काढला आणि त्या वहीवाल्यासमोर उघडून धरला. त्यावरचं नाव आणि तुमच्या वहीतलं नाव ताडून बघा, म्हणाली. त्याने बघितलं. दोन्ही नावं एकच होती. मग तो म्हणाला, कागद बजावण्याचं काम दुसऱ्या खात्याकडे असतं, ते आज बंद आहे, सोमवारी उघडेल.

अमितने पासपोर्ट शर्टाच्या खिशात घातला. आपल्या गाडीत बसा बाई आणि निघा, तुमचा दुसरा माणूस म्हणाला. तिने पिस्तूल आणि गोळ्या गाडीच्या टपावर ठेवल्या, सगळ्यांना दिसतील अशा, आणि दोन्ही रिकामे हात पुढे केले.

"सोमवारी तीन वाजता माझी मुलगी शाळेतून सुटते," ती म्हणाली. "तुमचं खातं किती वाजता उघडतं ते मला नकोय. तीन वाजता त्या फाटकाशी कोण उभं असणार, तेवढं सांगा. नाव सांगा. ते ऐकल्याशिवाय मी इथून हलत नाही."