चिंचेच्या विहिरीची रेघ

माझी बहीण नलू वाचली. हे वाक्य तुम्ही वाचलंच नाही असं धरा. मीही लिहिलं नाही असं धरतो, कारण त्या दिवशी मला ते माहीत नव्हतं.

एकोणसाठचा उन्हाळा. नदीपलीकडच्या गावात पटकी, म्हणजे कॉलरा, लागली होती. आरोग्य खात्याच्या साहेबांनी आमच्या गावच्या दोन्ही विहिरींत सारखीच ब्लीचिंग पावडर टाकली आणि मॅट्रिक झालेला म्हणून तपासणी माझ्यावर सोडून जीपमधून आर्णीला निघून गेले. विहिरीचं पाणी बाटलीत घेऊन त्यात साहेबांनी दिलेल्या रसायनाचे थेंब टाकले की ते निळं व्हायचं; जितकं गडद, तितकी पावडर शिल्लक. खडकातल्या विहिरीत ती दुसऱ्या दिवशी निम्मी उरे. चिंचेखालच्या विहिरीत पाला सडलेला. तिथं सकाळची पावडर दुपारीच निम्मी, संध्याकाळी निम्म्याची निम्मी. दोघींच्या रेघा एकाच कागदावर काढल्या. खडकाची हळूहळू उतरली. चिंचेची धाडकन कोसळली आणि तळाशी लोळत राहिली. हुकूम होता म्हणून कागद चावडीवर चिकटवला.

संध्याकाळी बघतो तर खडकाच्या विहिरीवर कुणी नाही आणि चिंचेच्या विहिरीवर जत्रा.

चावडीच्या पायरीवर म्हातारे उकंडाकाका लोकांना कागद समजावत होते. "पाह्य, हे पटकी. चिंचेच्या हिरीत कशी झपकन खाली आली! खडकाच्या हिरीत अजून वरच हाय."

"काका, ते पटकी नोहोय, औषध हाय!" मी ओरडलो.

"औषध कायले कमी होईन बे? सरकारचं हाय ते."

मी घरी धावलो. नलू ओली बाळंतीण. माय तिच्या तोंडाशी गडवा धरून बसलेली.

"माय, कुठलं पाणी?"

"चिंचेचं. तूनंच तं रेघ काढली नं, बाबू."

गडवा हिसकला. नलूनं एक घोट घेतला होता. "मस्त लागते रे दादा, वासच नाही येत," ती म्हणाली. वास नाही, म्हणजे पावडर नाही.

पुन्हा चावडी गाठली. कागद काढून वरची बाजू खाली केली. रेघा तरी खालीच उतरत होत्या! घाबरलेल्या माणसाला भूमितीसुद्धा साथ देत नाही. शेवटी कागदाचं तोंड भिंतीकडे करून चिकटवला. कागद पातळ, शाई मागे फुटलेली. आता रेघा चढू लागल्या; खडकाची हळूहळू, चिंचेची एकदम.

उकंडाकाकांनी डोळे बारीक केले. "आगा बाप्पा! चिंचेची पटकी चढून राह्यली! पळा!"

सगळ्या घागरी खडकाकडे वळल्या.

मी नलूच्या उशाशी बसलो. ती शिंकली तरी उठून उभा राहत होतो. तिनं पोटावर हात ठेवला तेव्हा मला घाम फुटला.

"काहून पाहून राह्यला असा? मले नाही, तुलेच काहीतरी झालं."

जीप परत आली. साहेबांनी कागद बघितला आणि विहिरीतली पावडर आपोआप कशी वाढते, याचा लेखी खुलासा मागितला. तो मी तिथंच लिहून दिला:

"पावडर कमी होत असल्याचे दाखविले असता गाव चुकीच्या विहिरीवर जाते, व अर्जदाराची बहीण तेच पाणी पिते. तरी यापुढे पावडरीने दिवसेंदिवस वाढत जावे, असे आदेश मेहरबान साहेबांनी पावडरीस द्यावेत, ही नम्र विनंती."