एका संघाची एकच करवंटी

मित्रांनो, माझ्याकडे फार निरखून पाहू नका. मी एक जुनी करवंटी आहे आणि मला माझीच लाज वाटते.

फिजीतल्या एका शाळेच्या मैदानाकाठी माझे झाड होते. विलियामे मास्तरांनी मला घासून गुळगुळीत केले आणि रग्बीच्या पोरांसाठी पाण्याच्या बादलीवर ठेवले. सराव संपला की सगळे गोल बसत आणि मी हातोहात फिरे. पिणाऱ्यासाठी बाकीचे टाळ्या वाजवत. समोर आलेली करवंटी नाकारली तर देणाऱ्याचा अपमान होतो, म्हणून कोणी कधी नाही म्हणत नसे. मला केवढा तोरा होता!

त्या वर्षी संघ अंतिम सामन्यात पोहोचला. मास्तरांनी सकाळच्या सरावाला दुपारचा आणि संध्याकाळचाही जोडला. इसिकेली सर्वांत लहान. त्याचे वडील बोटीवर कामाला होते आणि मुलाचा खेळ पाहायला पहिल्यांदाच येणार होते.

डॉक्टर मेरेआनी दर आठवड्याला मुलांच्या तोंडात कापूस धरून थुंकी तपासायला नेत. एकदा त्या म्हणाल्या, "मास्तर, थुंकीत रोगाशी लढणारं द्रव्य असतं. तुमचा सराव वाढतोय तसं ते घटतंय. पोरांना जरा झोपू द्या. आणि प्रत्येकाला वेगळा पेला द्या."

"डॉक्टरबाई, थुंकीवर कुठे मॅच जिंकतात का?" मास्तर हसले. "आमचा संघ एक, करवंटी एक."

पोरे हसली. मीही फुशारले.

दुसऱ्या दिवशी संघातल्या जोनेचा घसा खवखवत होता. तो प्यायला आणि मी इसिकेलीच्या हातात गेले. तो जरासा थांबला, मग गटागटा प्यायला. टाळ्या झाल्या.

सामन्याच्या दिवशी इसिकेली तापाने फणफणला होता. वडील मैदानावर न जाता त्याच्या उशाशी बसून राहिले. संध्याकाळी मास्तर तिथल्या रीतीप्रमाणे देवमाशाचा दात घेऊन माफी मागायला आले. येताना मलाही आणले होते.

"पोरगं थकलेलं मला दिसत होतं," ते खाली मान घालून म्हणाले. "तरी पळवलं."

वडिलांनी दात स्वीकारला, म्हणजे माफ केले. मास्तरांनी सवयीने मला भरून इसिकेलीपुढे धरले. तो हळूच म्हणाला, "मास्तर, मला पेल्यातून द्या."

मग मास्तर स्वतः उठून पेला घेऊन आले. हेच तो आधी म्हणू शकला असता, पण माझा मान आड आला होता.

मित्रांनो, दमलात तर दमलो म्हणा. माझ्यासारखीचा मान राहिला काय, गेला काय.