राखीव दिवाण

सुनंदाआत्या दिवाणावर टेकणार, इतक्यात मी आणि दिलीपकाका एकदम ओरडलो, “तिथे नको!”

आत्या अर्ध्यात थांबली. “का? ओला आहे?”

“राखीव आहे,” काका म्हणाला.

“जयंता गेला तरी राखीवच? मग मी बसू कुठे, तुझ्या सर पे?”

दुसऱ्या दिवशी बाबांचं तेरावं होतं आणि घरात माणसं मावत नव्हती. उज्जैनच्या घरांना त्याची सवय असते. महाकालच्या दर्शनाला आलेले नातेवाईक देवळात भाविक असतात, मग आपल्याकडे येऊन पाहुणे होतात. आमच्याकडे ते जमिनीवर रांगेनं झोपत आणि शेजारी दिवाण मोकळा. आई त्यावर वाळलेले कपडेसुद्धा टाकत नसे. आता बाबांचा हार घातलेला फोटोही फ्रिजवर होता. फ्रिज सुरू झाला की बाबा थरथरत.

बाबा पॉलिटेक्निकमध्ये ऑपरेटिंग सिस्टिम शिकवत. त्यातही जीव कर्नेलवर, म्हणजे संगणकाच्या सगळ्यात आतल्या कारभाऱ्यावर. कुणी दिवाणाबद्दल विचारलं की त्याला मेमरी समजून घ्यावी लागे. “मेमरी गच्च भरली की कर्नेल नको ते बाहेर काढून जागा करतो. पण जागा करणाऱ्यालाही थोडी जागा लागते. ती आधीच राखली नाही, तर मशीन बसतं. जो सगळ्यांसाठी जागा करतो, त्याचा हा दिवाण.” पाहुणे मुकाट चटईवर आडवे होत.

दिवाण फ्रीगंजच्या बाजारातून घेतला तेव्हा मी बरोबर होते. दुकानदार बाबांची उंची बघून म्हणाला, “साहब, छोटा पड़ेगा. पैर बाहर जाएंगे.”

“मुझे कौन-सा सोना है,” बाबा म्हणाले.

“आत्यासाठी एक गादी काढा कुणीतरी,” आई स्वयंपाकघरातून म्हणाली.

काका उठला. गाद्या पलंगाच्या पेटीत होत्या. पलंगावर आत्याच्या बॅगा. बॅगा माळ्यावर टाकाव्यात, तर तिथे बाबांचा जुना, टीव्हीएवढा मॉनिटर. काका स्टुलावर चढला आणि मॉनिटर पोटाशी धरून उभा राहिला. स्टूल डुगडुगायला लागलं, म्हणून ते मी धरलं. आत्याचा जावई अपूर्व दोन्ही हातांत बॅगा घेऊन ताटकळत होता.

“हा ठेवू कुठे?” काका म्हणाला.

“खाली ठेवा,” अपूर्व म्हणाला.

“खाली आत्या आहे.”

“दिलीप, तू वर काय करून राहिला आहेस?” आत्यानं विचारलं.

काकानं खरंच विचार केला. “आठवत नाही.”

बाबांनी टाळी दिली असती. वर्गात हीच चूक ते रंगवून सांगत. जागा संपते, म्हणून कुणीतरी हातातलं काम अर्धं टाकून जागा करायला निघतो. त्यातून दुसरं काम निघतं, त्यातून तिसरं. अर्धवट कामांची चळत चढत जाते. तिला स्टॅक म्हणायचं. कर्नेलकडे त्यासाठी जागा अगदी थोडी. एक काम जास्त झालं की सगळं कोसळतं. म्हणून कामात अडकलेल्याला जागा करायला लावू नये. त्यासाठी वेगळा गडी हवा, टंचाई दिसायच्या आधीच गुपचूप आवरून टाकणारा.

आई हात पुसत बाहेर आली. आम्हा तिघांकडे तिनं एकदा पाहिलं.

“भाऊजी, तो दिवाणावर ठेवा.”

“दिवाणावर?”

“आवरण्यापुरतं चालतं. अपूर्वराव, बॅगा वर द्या. मधुरा, पेटी उघड, गादी काढ. भाऊजी, आता मॉनिटर पेटीत.”

दिवाण पुन्हा रिकामा झाला. स्टुलावरून उतरलेला काका स्वतःचे मोकळे हात बघत राहिला.

“आता तरी बसू?” आत्यानं विचारलं.

आई दिवाणाच्या कडेला टेकली. मग आडवी झाली. भरदुपारी तिला आडवं झालेलं मी कधी पाहिलं नव्हतं. पाहुण्यांची गाडी स्टेशनात शिरायच्या आधी आमच्याकडे चादरी घातलेल्या असत; त्या घालताना तिला कुणी पाहिलेलं नसे.

“अगं प्रतिभा...” आत्यानं सुरुवात केली. काकानं ओठांवर बोट ठेवलं. आत्या सावकाश गादीवर बसली आणि कुजबुजली, “झोपली?”

मी पांघरूण घालायला गेले. भिंतीकडे तोंड करून, पाय ताणून आई गाढ झोपली होती. दिवाण तिला बरोबर पुरला होता.